वैनी आहेत का दुकानात?

ट्रक चालू होत नाही म्हणून कुणी दुकानात आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "आवाज कसा येतो?" नवखे ड्रायव्हर गोंधळायचे. गाडी चालूच होत नाही तर आवाज कुठून येणार? पण येतो. चावी फिरवल्यावर टक-टक-टक-टक असं सुतारपक्ष्यासारखं वाजलं तर समजायचं, बॅटरी उतरली आहे. काहीच वाजलं नाही तर चावीपासून खाली कुठेतरी वायर तुटलीय. आणि एकदाच 'टक्' होऊन सगळं गप्प झालं, तर मात्र आधी चहा मागवायचा आणि मग शर्टाच्या बाह्या वर करायच्या. कारण त्या एका टक्‌मागे दोष कुणाचाही असू शकतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिझेलचं इंजिन आपणहून जागं होत नाही, त्याला कुणीतरी पहिल्यांदा गरगर फिरवावं लागतं. ते काम करायला इंजिनाच्या कुशीत विजेची एक दणकट मोटर बसवलेली असते. तिला आम्ही सेल्फ म्हणतो. सेल्फ फिरतो जेमतेम दोन-चार क्षण, पण तेवढ्यात बॅटरीतून एवढा करंट ओढतो की वाटेत एखादा जोड जरी सैल असला तरी सगळं अडतं. हा अडथळा हुडकून काढणं म्हणजे आमचं काम. पाना, पक्कड, आणि एका बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, एवढ्यावर मी मुलुंडला आग्रा रोडवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालवलं. समोरून रात्रंदिवस ट्रक जायचे. काही थांबायचे, ते आमचे.

आता खरं सांगायचं तर या अंकाच्या संपादकांना माझ्या आठवणी नकोच होत्या. फोन मी उचलला, तर पलीकडून विचारणा झाली, "वहिनी आहेत का?" सुलूला बोलावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला लिहायचा कंटाळा, हे लिहितील. म्हणजे इथेही मी दुसऱ्या नंबरचाच. हे वाचून कुणाला वाटेल की म्हातारा गंमत करतोय. मी गंमत करत नाहीये.

सुलोचना माझी बायको. लग्न झालं तेव्हा ती भांडुपच्या एका कारखान्यात कामाला होती. तिथे पंख्याच्या मोटरी बनायच्या आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी करायला एका लांब टेबलाशी सगळ्या बायकाच बसायच्या. बारीक तार, न तुटता, एकावर एक सरळ बसली पाहिजे. पुरुषांना ते जमत नाही असं तिथला सुपरवायझर म्हणायचा. पुढे संप झाला, मग टाळं लागलं, आणि ती घरी बसली.

घरी बसणं तिला मानवत नव्हतं. माझ्याकडे जळलेले सेल्फ यायचे. त्यांच्या आतला जो फिरणारा गाभा असतो, आर्मेचर, त्याची तार जळली की ती काढून नवी गुंडाळावी लागते. मी ते घाटकोपरला एका कारागिराकडे पाठवायचो आणि तो मला फार रखडवायचा. एकदा वैतागून मी तसलं एक आर्मेचर घरी आणलं आणि सुलूपुढे ठेवलं. पंख्यापेक्षा तार जाड होती, एवढाच फरक. तिने ते चाळीतल्या खोलीत, स्टोव्हशेजारी बसून, आमटीला उकळी येईपर्यंत अर्धं गुंडाळलंसुद्धा. मी फार खूश झालो. ज्याला त्याला सांगत सुटलो की माझी बायको अशी आहे म्हणून. तेव्हा सांगायला काही वाटत नव्हतं, कारण ती घरात होती आणि दुकानात मी होतो.

पुढे ती दुपारची दुकानात यायला लागली. बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर घालायची, चार्जिंगला लावायची, टर्मिनलवरचा पांढरा थर गरम पाण्याने धुवायची. साडीवरून माझा जुना शर्ट घालायची, ॲसिड उडतं म्हणून. काय कशाला जोडलं आहे ते मीच तिला दाखवलं. बॅटरीतून निघालेला करंट काम करून पुन्हा बॅटरीत परतला पाहिजे, हे मीच तिला शिकवलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर कुणी विचारलं नाही.

बर्फाच्या कारखान्यातली गोष्ट झाली ती चैत्रात. मुलुंडच्याच हद्दीत, खाडीच्या बाजूला, हसमुखभाईंचा बर्फाचा कारखाना होता. त्यांचा माणूस सकाळी धावत आला. लाद्या भरलेला ट्रक आतच अडकला होता. मी हत्यारांची पिशवी उचलली आणि गेलो.

कारखान्याचं आवार खोलगट आणि बाहेर पडायचा रस्ता चढाचा. बर्फाने भरलेला ट्रक त्या चढावर ढकलणं शक्य नव्हतं. वाट इतकी अरुंद की पुढून दुसरी गाडी लावून ओढायलाही जागा नाही. हा निघत नाही तोवर मागचे दोन ट्रकही कोंडलेले. गाडीचा ड्रायव्हर बाळाराम, माहुलचा कोळी. त्याच्या भावांच्या बोटी तिकडे धक्क्याला बर्फाची वाट बघत होत्या. बाळाराम मोजकं बोलणारा माणूस. त्याने मला एवढंच सांगितलं की दुपारच्या भरतीला बोटी सुटल्या नाहीत तर ओहोटीला चिखलात बसतील, आणि बर्फाशिवाय सुटून उपयोग नाही.

चावी फिरवली. एकच टक्.

कॅबिनमधले दिवे लखलखीत होते, टक् झाल्यावरही मंद होत नव्हते. म्हणजे बॅटऱ्या चांगल्या. त्यांचे जोड सोडवून घासून पुन्हा बसवले. टक्. मग सेल्फवर संशय. गाडीखाली शिरलो आणि सेल्फ उतरवला. वर बर्फ वितळत होता आणि फळ्यांच्या फटींतून गार पाणी थेट माझ्या मानेवर पडत होतं. सेल्फ बाहेर आणून जमिनीवर पायाखाली दाबून धरला, बॅटरीवरून दोन जाड वायरी थेट लावल्या, तर असा गरगरला की पायाला झिणझिण्या आल्या. सेल्फ ठणठणीत. पुन्हा बसवला. टक्.

आता उरला सेल्फवरचा सोलेनॉइड. हे मोठ्या करंटचं बटण असतं, तेच टक् वाजतं. त्याच्या आतला संपर्क जळला असेल असं मी धरून चाललो. हसमुखभाईंच्या ऑफिसातून आमच्या दुकानाच्या शेजारी फोन केला आणि सुलूला निरोप दिला की नवा सोलेनॉइड घेऊन ये. ती रिक्षाने आली, वस्तू माझ्या हातात दिली, आणि मी पुन्हा खाली शिरलो. हसमुखभाई दर थोड्या वेळाने येऊन गाडीखालचं पाणी बघायचे आणि घड्याळ बघत परत जायचे. ते बघणं फार लागायचं.

मी सोलेनॉइड बदलत असताना सुलू कॅबिनच्या दाराशी उभी होती. डॅशबोर्डखाली इंजिन बंद करायची एक मूठ असते. ती ओढली की डिझेल बंद होतं. त्या मुठीला बाळारामने चिंधी गुंडाळली होती. सुलूने विचारलं, ही चिंधी कशाला? तो म्हणाला, चटका बसतो म्हणून. कधी? सेल्फ मारताना. किती दिवस? झाले बरेच.

हे बोलणं मी खालून ऐकलं, पण ते कामाचं आहे असं मला वाटलं नाही. मी नवा सोलेनॉइड बसवला आणि ओरडलो, मार. टक्.

सुलू कॅबिनमध्ये चढली होती. तिने चिंधी सोडली, मुठीवर हात ठेवला, बाळारामला पुन्हा चावी फिरवायला सांगितली, आणि हात झटकन काढला. मग उतरून माझ्या पायांजवळ येऊन वाकली.

"इंजिनाचं अर्थिंग बघितलंत?"

"बघितलं. लावलेलं आहे."

"ओढून बघितलंत?"

सकाळपासून गाडीखाली पडलेल्या माणसाला असं विचारायचं नसतं.

तिने उत्तराची वाट बघितली नाही. पिशवीतली जाड वायर काढली, पदर कमरेला खोचला, दुसऱ्या बाजूने गाडीखाली आली आणि वायरीचं एक टोक इंजिनाच्या अंगाला आणि दुसरं चासीला, गाडीच्या सांगाड्याला धरलं. "आता मारा," ती म्हणाली. सेल्फ असा काही फिरला की माझ्या कानाशेजारी तोफ उडावी तसं इंजिन धडधडलं.

झालं होतं ते साधंच. इंजिन रबराच्या तुकड्यांवर बसलेलं असतं, म्हणून सेल्फमधून गेलेला करंट चासीत परत यावा यासाठी दोघांमध्ये एक जाड, विणलेली तांब्याची पट्टी लावतात, तेच अर्थिंग. ती ग्रीस आणि चिखलाने माखलेली होती. दोन्हीकडे बोल्ट घट्ट, दिसायला धडधाकट. नंतर मी ती मुठीत धरून ओढली तेव्हा सडलेल्या दोरीसारखी तुटून हातात आली. आग्रा रोड बंद झाला की गाड्या जशा गल्लीबोळात घुसतात, तसा परतीचा करंट मिळेल त्या वाटेने परतत होता. त्यातली एक वाट म्हणजे ती मूठ आणि तिची बारीक केबल. म्हणून चटका. सेल्फला पुरेसा करंट मिळतच नव्हता, म्हणून दिवेही मंद होत नव्हते. सकाळपासून सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

तोवर बर्फाच्या लाद्या ओढणारे, कोंडलेल्या ट्रकांचे ड्रायव्हर-क्लीनर, ऑफिसातला कारकून, सगळे गोळा झाले होते. सुलू गाडीखालून बाहेर आली तशा टाळ्या पडल्या. एकाने शिट्टी वाजवली. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. हातात पाना होता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. हसमुखभाई आले, सुलूला हात जोडले आणि मला म्हणाले, "मेस्त्री, हवेथी भाभीने ज मोकलजो." यापुढे वहिनींनाच पाठवा.

बोटी भरतीला सुटल्या. संध्याकाळी बाळारामने केळीच्या पानात बांधून पापलेटं पाठवली. निरोप होता, वैनींसाठी. मी ती खाल्ली. ताजी होती, गोड होती, आणि प्रत्येक घासाला मला आठवत होतं की ही माझी नाहीत.

ड्रायव्हर लोकांत बातमी पसरायला वर्तमानपत्र लागत नाही. भिवंडीच्या ढाब्यावर एक बोलला की माहुलच्या तेलाच्या टँकरपर्यंत पोहोचतं. दुकानासमोर गाड्या थांबायला लागल्या, जास्त थांबायला लागल्या. ड्रायव्हर उतरायचा, माझ्या खांद्यावरून आत डोकवायचा आणि विचारायचा, "वैनी आहेत का दुकानात?"

"मी आहे," मी म्हणायचो.

"तसं नाय मेस्त्री, तुम्ही आहातच. पण वैनी असत्या तर..."

वाक्य कुणी पुरं करायचं नाही. सुलू रेशनला गेली असेल तर ते बाकड्यावर बसून थांबायचे. माझ्यासमोर. मी रिकामा असताना. एकदा एक सरदारजी त्याच्या गाडीचा उडालेला फ्यूज मला दिसत असतानाही, "रहने दो, भाभीजी को आने दो" म्हणून चहा प्यायला निघून गेला. सुलू आली, फ्यूज बदलला, तो खूश होऊन गेला. तो फ्यूज कुणीही बदलला असता. माझ्या म्हाताऱ्या आईने बदलला असता.

ती म्हातारीसुद्धा फितूर. चाळीत नळावर ती सुनेच्या गोष्टी सांगायची, आणि दर वेळी गोष्टीतला ट्रक मोठा होत जायचा. गणपतीला गावी गेलो तर पडवीत चुलतभावाने सगळ्यांसमोर विचारलं, काय रे, तू आता तिचे पाने पुसतोस म्हणे? सगळी पडवी हसली. मीही हसलो. आत सुलू मोदकांसाठी नारळ खवत होती, तो आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

बाहेरच्या माणसाचा हेवा सोसता येतो. त्याच्या दुकानासमोरून जायचं नाही, एवढं केलं की झालं. मी मात्र ज्या माणसावर दिवसभर जळायचो त्याच माणसाच्या हातचं जेवायचो. आणि जेवण चांगलं असायचं. ती माझ्याशी कधी मोठेपणाने वागली असती तर भांडलो तरी असतो. ती दर कामाला मलाच विचारायची, हे बरोबर का हो? बरोबर असायचं. त्याचंच दुखायचं.

तिचं काय वेगळं होतं, याचा मी पुष्कळ विचार केला. हात माझे जास्त वेगवान. वायरिंगचा नकाशा माझ्या डोक्यात पक्का. पण मी गाडीशी बोलायचो आणि ती ड्रायव्हरशी. परवा पावसात उभी होती का, टायर बदलताना कुठे जॅक लावला, नवा हॉर्न कुणी बसवला, असलं काहीबाही विचारत राहायची, आणि त्यातूनच तिला धागा मिळायचा. मीही तसं विचारून बघितलं. ड्रायव्हर मला म्हणाले, मेस्त्री, गाडी बघा ना, गप्पा काय मारता.

म्हणून मनात एक इच्छा धरून बसलो. तिचं एकदा चुकावं. दुकानाचं नुकसान नको, गिऱ्हाईक तुटायला नको, फक्त तिला एकदा सापडू नये आणि मला सापडावं.

तो दिवस आला, आणि आणला तो बाळारामनेच. त्याच बर्फाच्या ट्रकचा सेल्फ मधूनच मरायचा. चार वेळा चावी फिरवली तर चारही वेळा फिरायचा, आणि पाचव्यांदा टक्. थोडं थांबून पुन्हा मारला की जणू काही झालंच नाही. धंद्यात यासारखं वाईट दुखणं नाही. दुकानासमोर आणली की गाडी शहाण्यासारखी वागते आणि ऐरोलीच्या वाटेवर जाऊन रुसते. सुलूने चावीचा स्विच बदलला, जोड घासले, अर्थिंगची पट्टी ओढून बघितली. गाडी गेली आणि काही दिवसांनी परत आली. पुन्हा बघितलं. पुन्हा परत. सुलू विचारात पडली. मी शेजारी बसून बघत राहिलो. मला फार बरं वाटत होतं.

त्याच सुमारास तिच्या बहिणीचं बाळंतपण होतं, म्हणून ती बोरीवलीला गेली. बाळाराम आला, बाकड्यावर बसला आणि विचारलं, वैनी कधी येणार? मी सांगितलं, वेळ लागेल. तो रस्त्याकडे बघत नाइलाजाने म्हणाला, बघा मग तुम्ही.

मी सेल्फच उतरवून घेतला. जमिनीवर बांधून त्याला वायर टेकवायची, फिरला की सोडायची, थांबला की पुढच्या दातेरी चाकावर खडूने खूण करायची, पुन्हा टेकवायची. कंटाळवाणं काम. शेजारचा पंक्चरवाला येऊन विचारून गेला, काय खेळताय? खेळता खेळता एकदा सेल्फ मेला. खूण पक्की केली, हाताने थोडा पुढे सरकवला, फिरला. पुन्हा चालू ठेवलं. खूप वेळाने तो बरोबर त्याच खुणेवर येऊन थांबला, आणि मेला. मग मात्र मी उठलो, हात धुतले आणि एकटाच एक कटिंग चहा प्यायलो. कारण आता दोष कुठे आहे ते मला माहीत होतं.

सेल्फ उघडला. आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा एक गोल असतो, आणि प्रत्येक पट्टीला गुंडाळीच्या तारेचं एक टोक सोल्डर केलेलं, म्हणजे शिसं वितळवून चिकटवलेलं असतं. त्यातल्या एका पट्टीचा सोल्डर सुटला होता. तार जागेवर होती, नुसती टेकलेली. करंट आत नेणारा कार्बनचा ठोकळा नेमका त्या पट्टीवर येऊन थांबला की करंट जायचा नाही. आणि ही गुंडाळी सुलूची होती, मागे एकदा तो सेल्फ जळून आला तेव्हा केलेली. स्वतःच्या हातच्या कामावर तिला संशय कसा येणार? म्हणूनच तिला सापडलं नव्हतं.

बाळारामला दुसरा सेल्फ बसवून वाटेला लावलं आणि ते आर्मेचर मी तसंच ठेवलं, स्वच्छ फडक्यावर, टेबलाच्या मधोमध. तो टाका मी जोडला नाही. तो तिने बघायला हवा होता.

सुलू बोरीवलीहून परतली ती तशीच दुकानात आली. बाळंतिणीच्या लाडवांचा डबा हातात होता. मी बोट दाखवलं. तिने डबा ठेवला, आर्मेचर उजेडात धरलं, नखाने ती तार हलवली.

"बाई गं, माझीच गुंडाळी," ती म्हणाली आणि हसली. "आणि मी चावीच्या मागे लागले होते."

मग तिने कसं शोधलंत ते विचारलं. मी सांगितलं. खडूच्या खुणांचं ऐकताना तिचे डोळे असे झाले की जणू मी तिला सिनेमाची गोष्ट सांगतोय. मला करून दाखवा म्हणाली. मी आर्मेचर पुन्हा सेल्फमध्ये बसवून दाखवलं. तिने स्वतः करून बघितलं, आणि तो त्या खुणेवर मेला तेव्हा टाळी वाजवली. वाजवली म्हणजे मनापासून. त्या टाळीत दुसरं काही नव्हतं, मी नीट बघितलं.

मला ते सहन झालं नाही. आम्ही दोघं मालवणीत बोलतो, पण इथे सगळ्यांना कळेल असं लिहितो.

"तुला काहीच वाटत नाही?" मी विचारलं.

"काय वाटायचं?"

"तुला सापडलं नाही. मला सापडलं."

ती आर्मेचर पुन्हा बाहेर काढून सोल्डरचं इस्त्रीसारखं गरम करायचं हत्यार तापवत होती. मग तो टाका घालता घालता, वर न बघता बोलली.

"हेवा वाटतो की तुमचा. पण त्याचा नाही. तुम्ही गाडीखाली जाता तेव्हा कुणी वळून बघत नाही. ड्रायव्हर बिडी ओढतो, क्लीनर झोपतो. तुम्ही आणि गाडी, दोघंच. मी वाकले की आधी माणसं जमतात. मला कधी एकटीला गाडी मिळतच नाही." टाका फुंकून तिने हत्यार खाली ठेवलं. "त्या बर्फाच्या कारखान्यात सगळे जमून बघत होते ना, तेव्हा इंजिन चालू झालं ते मी ऐकलंच नाही. माझं सगळं लक्ष पदराकडे होतं."

मला वाटतं मी लाडवाचा डबा उघडला. काहीतरी करायला हवं होतं. लग्नाला एवढी वर्षं झाली होती, ती रोज माझ्या शेजारी काम करत होती, आणि गर्दी जमली की मी बाजूला होऊन त्या गर्दीतच उभा राहायचो. तिथून मला तिची पाठ दिसायची आणि लोकांची तोंडं दिसायची. मी नेहमी लोकांची तोंडं बघत आलो होतो.

दुकान तसंच चाललं. विचारणारे विचारत राहिले. मीही जळत राहिलो, ते काही एका संध्याकाळी विझत नाही.

पावसाळा सरल्यावर बोटींचा हंगाम सुरू झाला तसा माहुलहून बाळारामचा निरोप आला. त्याच्या भावाचा ट्रक धक्क्याजवळ उभा होता, चावीला काहीच आवाज नाही. वैनींना पाठवा. त्या दिवशी मी शटर ओढलं आणि तिच्याबरोबर गेलो. रिफायनरीच्या भिंतीला वळसा घालून गावात शिरलो तर ट्रकभोवती आधीच माणसं येऊन उभी होती. सुलू उतरली तशी ती सरकून जवळ आली. पोरं टायरवर चढली. कुणीतरी काहीतरी बोललं, दोघं-तिघं हसले, आणि मी सुलूकडे बघितलं तर तिचा हात पदराकडे गेला होता.

बाळारामकडे मी ताडपत्री मागितली. त्याने बोटीवरची आणून दिली, मासळीच्या वासाची, ठिगळ लावलेली. ती मी ट्रकच्या बाजूच्या फाळक्याला दोन्ही टोकांनी बांधली आणि जमिनीपर्यंत सोडली. सुलूने एकदा माझ्याकडे बघितलं, पिशवी घेतली आणि आत गेली. मी बाहेर एक मासळीची पाटी पालथी घालून तिच्यावर बसलो, हातात पाना धरला आणि जमलेल्यांना सांगितलं, काही नाही, एक नट सैल होता, मीच बसवला आता. एक टक्कल पडलेला माणूस पाटीवर बसला आहे यात बघण्यासारखं काही नसतं. पोरं आधी गेली. मग मोठी माणसं, एकेक करून. बाळाराम जाळी सुकत होती तिकडे गेला.

कडक ऊन पडलं होतं. ताडपत्रीमागून पान्याचा आवाज येत होता, मग टेस्ट लॅम्पची टिचकी, मग बराच वेळ काही नाही. आणि मग सुलू गुणगुणायला लागली.

कसलं गाणं ते ओळखू आलं नाही. शब्द नव्हतेच बहुतेक. एकाच जागी घोटाळणारा सूर होता, मध्येच ती थांबायची, गाडीला हळू आवाजात काहीतरी विचारायची, स्वतःशीच हसायची आणि पुन्हा तिथून उचलायची. आमच्या घरात, चाळीच्या खोलीत, दुकानात, मी तिला असं गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. माझ्यासमोर ती कधी गुणगुणली नव्हती.

ताडपत्रीची कड माझ्या हाताशीच होती, वाऱ्याने हलत होती. उचलून आत बघावं असं फार वाटलं.

बघितलं नाही.